शब्द कुठून आला ते आधी बघा, मग जीभ वळवा: माइकवर बोलणाऱ्यांसाठी उच्चार तपासायची पद्धत

17 सप्टेंबर जवळ आला की मराठवाड्यात गावोगाव शाळेत, ग्रामपंचायतीत मुक्तिसंग्राम दिनाचे कार्यक्रम लागतात, कुणाच्या तरी हातात माइक येतो, आणि मग 'आर्शिवाद', 'उपस्तिथी', 'क्षत्रपती', 'सुत्रसंचलन', 'राजाकार' हे सगळे दहा मिनिटांत ऐकू येतात. बोलणारं लेकरू हुशार असतं, त्यानं तयारीही केलेली असते, फक्त चुकीच्या क्रमानं. कागद हातात आला की लगेच मोठ्यानं वाचायला लागतात, दहा वेळा वाचतात, आणि पहिल्या वेळी जी चूक झाली तीच दहा वेळा घोटून पक्की करतात. मी बरीच वर्षं शाळेतल्या पोरांकडून हे करून घेतो, आणि माझा अनुभव असा की तोंडाची प्रॅक्टिस सगळ्यात शेवटी करायची. आधी शब्द कुठल्या घरातून आला ते शोधायचं, कारण प्रत्येक घराची तपासायची रीत वेगळी आहे.

सुरू करण्याआधी काय लागतं

कार्यक्रम पत्रिका निदान तीन दिवस आधी मागून घ्या. दोन रंगाचे पेन, मोबाईलचा रेकॉर्डर, आणि ऐकायला घरातलं एक माणूस. शब्दकोश विकत घ्यायची गरज नाही, दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आणि मोल्सवर्थचा 1857 चा कोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट बघता येतात. दाते-कर्व्यांच्या कोशात शब्दाच्या नोंदीत चौकटी कंसात सं., फा., अर., इं. (संस्कृत, फारसी, अरबी, इंग्रजी) अशी खूण असते, तीच आपल्याला पाहिजे.

सावध: पत्रिकेवर जे छापलंय ते बरोबर असंल असं धरून चालू नका. डीटीपीवाल्याकडून रफार एक अक्षर अलीकडं-पलीकडं होतो आणि 'आर्शिवाद' तिथंच जन्माला येतो.

पायरी 1: डोळ्यानं शिकलेले शब्द वेगळे काढा

पत्रिका मनातल्या मनात वाचा, ओठ हलवू नका. जे शब्द तुम्ही लहानपणापासून कानानं ऐकलेत ते सोडून द्या, जे फक्त कागदावर वाचलेत त्यांना गोल करा. एसटीचा डेपो बघा, हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला, इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी टी आहे, तरी आपल्याकडं शाळेत न गेलेली आजीसुद्धा 'डेपो'च म्हणते, कारण तिनं तो ऐकून घेतला. आणि पदवी घेतलेला माणूस 'रिसिप्ट' म्हणतो, कारण त्यानं तो वाचून घेतला, तिथला पी कोणीच उच्चारत नाही, शब्द आहे 'रिसीट'. म्हणजे चुका बहुतेक वाचलेल्या शब्दांत असतात, तिकडंच वेळ घालवा.

आता एक गोष्ट मी दर वेळी सांगतो. येळ, इहीर, ईज, पानी, साळा हे आपल्या घरातले उच्चार आहेत, ते या यादीत टाकायचे नाहीत. माय 'इहिरीवर जाऊन ये' म्हणली तर तिला 'विहीर' म्हण असं सांगू नये. स्टेजवर प्रमाण बोलायचंय म्हणून आपण 'विहीर' वाचतो, एवढंच. बोलीची लाज धरली की त्यातून नवीनच चुका होतात, त्या चौथ्या पायरीत येतील.

पायरी 2: प्रत्येक गोल केलेल्या शब्दाचं घर लिहा

शब्दावर एक अक्षर टाका. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला असेल तर 'सं', फारसी-अरबी असेल तर 'फा', इंग्रजी असेल तर 'इं', घरचा मराठी असेल तर काही नको. जोडाक्षर जास्त, ऋकार, विसर्ग असलं काही दिसलं तर बहुतेक संस्कृत. कोर्ट, कचेरी, जमीन, पोलीस, पैसा यातला असेल तर आधी फारसी-अरबीचा संशय घ्या, आपल्याकडं तर 1948 पर्यंत निजामाचं राज्य होतं, कारभाराचे कागद उर्दूत असायचे, त्यामुळं असे शब्द आपल्या तोंडात जरा जास्तच आहेत.

तपासा: घर चुकलं की पुढचं सगळं चुकतं. रझाकार या शब्दाचं घर 'राजा' समजून लोक 'राजाकार' म्हणतात. तो अरबी 'रझा'वरून आलाय, म्हणजे खुशी, संमती, आणि रझाकार म्हणजे आपखुशीनं भरती झालेला. आपण ऑफिसला 'रजा' टाकतो ती रजा तीच, म्हणजे परवानगी. एकदा हे कळलं की 'राजाकार' तोंडात येणारच नाही.

पायरी 3: संस्कृत शब्द फोडा

ही सगळ्यात मोठी पायरी, कारण पत्रिकेतले निम्मे अवघड शब्द इथलेच. शब्द पाठ करायचा नाही, तोडायचा.

मी पहिल्यांदा एका तालुक्याच्या गावी सूत्रसंचालन केलं तेव्हा सुरुवातीलाच 'सुत्रसंचलन करण्याची संधी मिळाली' असं म्हणलो. कार्यक्रम झाल्यावर एक रिटायर गुरुजी जवळ आले, माझ्या हातातली पत्रिका घेतली, खिशातला शाईचा पेन काढला आणि 'संचालन' या शब्दात 'सं' आणि 'चालन' यांच्या मधी एक उभी रेघ मारली. म्हणले, "लेकरा, चलन म्हणजे आपण चालणं, चालन म्हणजे दुसऱ्याला चालवणं. परेडमध्ये करतात ते संचलन. तू कार्यक्रम चालवायलास, मंग संचालन म्हण." ती रेघ अजून माझ्या डोळ्यासमोर आहे, आणि पोरांना मी आजही पेनानं तशीच रेघ मारायला लावतो. तुम्हीपण मारा.

आशीर्वाद: आशिस् आणि वाद. दोन शब्द जोडताना मधल्या स् चा र् झाला, म्हणून तो 'शी' नंतर आणि 'वा'च्या डोक्यावर. 'आ' नंतर र यायचं काही कारणच नाही.

उपस्थित, परिस्थिती: मूळ 'स्था', उभं राहणं. स् ला थ चिकटलेला आहे, त लांब आहे. 'उपस्तिथी' का होतं तर त्याच वाक्यात 'अतिथी' असतं आणि त्याची चाल याला लागते. दोन्ही शब्द वाक्यात लांब लांब ठेवले तर चूक आपोआप कमी होते, हे मी पोरांवर करून बघितलंय.

प्रज्वलन आणि उज्ज्वल: 'उत्' आणि 'ज्वल' जोडताना त् चा ज् झाला म्हणून उज्ज्वल मध्ये ज दोनदा. 'प्र' नंतर जोडायला काही नाही म्हणून प्रज्वलन मध्ये ज एकदाच. 'दीपप्रज्ज्वलन' म्हणायची गरज नाही आणि 'प्रजवलन' तर अजिबातच नाही, ज् आणि व एका दमात.

महत्त्व, तत्त्व, व्यक्तिमत्त्व: शेवटचा 'त्व' झाकून बघा काय उरतं. महत्, तत्, व्यक्तिमत्, सगळ्यांच्या शेवटी त् आहे, म्हणून त् वर जोर द्यायचा, तो दोनदा आहे. आता नेतृत्व झाका, नेतृ उरतं. कर्तृत्व झाका, कर्तृ उरतं. इथं त् एकदाच. आणि कर्तृ मध्ये 'क' नंतर र् आहे, 'कतृत्व' म्हणताना तोच गळतो.

प्रास्ताविक, आध्यात्मिक, पारितोषिक: शेवटी 'इक' लागला की पहिला स्वर चढतो, समाज-सामाजिक, इतिहास-ऐतिहासिक तसं. प्रस्ताव-प्रास्ताविक, अध्यात्म-आध्यात्मिक, परितोष-पारितोषिक. म्हणून 'अध्यात्मिक' चूक.

मग ष्ट आणि ष्ठ. यात लई गोंधळ होतो. 'सगळ्यात जास्त' असा अर्थ देणारा प्रत्यय 'इष्ठ' आहे, म्हणून ज्येष्ठ, कनिष्ठ, वरिष्ठ, श्रेष्ठ यांच्यात ठ. विशिष्ट मध्ये ट, म्हणून वैशिष्ट्य मध्येही ट. षष्टी म्हणजे साठ, म्हणून साठीच्या सत्काराला षष्ट्यब्दी, आणि षष्ठी म्हणजे सहावी, चंपाषष्ठीची. 'प्रतिष्ठान' मध्ये ट का ठ असा प्रश्न पडला तर आपलं पैठण आठवा, पैठण हे प्रतिष्ठानचंच घासून घासून झालेलं रूप आहे आणि तो ठ इतक्या शतकांनंतरही तिथं तसाच बसलाय.

छत्रपती: छत्र अधिक पती. 'क्षत्रप' हा वेगळा शब्द, प्राचीन काळातल्या सुभेदारांसाठीचा. जिल्ह्याचं नाव छत्रपती संभाजीनगर झाल्यापासून हा शब्द रोजच्या घोषणेत आलाय, म्हणून हा तरी चुकू देऊ नका. जड वाटावा म्हणून 'क्ष' लावायची खोड आहे, ती सोडा.

ज्ञ मराठीत 'द्न्य' असाच म्हणायचा, विज्ञान, प्रतिज्ञा, आणि आपेगावचे ज्ञानेश्वर. 'ग्यान' हा हिंदीचा उच्चार, हिंदीत तो बरोबर. तसंच ऋ, हिंदीत 'रि', मराठीत 'रु'कडं झुकलेला, कृपा म्हणजे 'क्रुपा'सारखं.

तपासा: फोडल्यावर दोन्ही तुकड्यांना अर्थ आहे का? नसेल तर चुकीच्या जागी फोडलंय. 'अनसूया' हा 'अन्' आणि 'असूया', असूया नसलेली. 'अनु' आणि 'सया' असं फोडलं तर 'सया'ला काही अर्थच लागत नाही.

पायरी 4: न का ण, हे फक्त संस्कृत शब्दांपुरतं

ज्यांच्या घरी 'पानी' म्हणतात त्यांना स्टेजवर भीती असते की आपला ण चुकंल, आणि त्या भीतीनं सगळीकडंच ण घालतात, 'शासण', 'अभिनंदण', 'मार्गदर्शण'. बोलीपेक्षा ही चूक जास्त कानाला लागते. संस्कृत शब्दात यासाठी चाळणी आहे, ती अशी लावायची.

न च्या आधी त्याच शब्दात र, ऋ किंवा ष आहे का बघा. नसेल तर बहुतेक न च (गुण, गणेश, कल्याण असे मूळचेच ण असलेले थोडे शब्द सोडून): शासन, पूजन, अभिवादन, उद्घाटन, अभिनंदन. असेल तर त्याच्या आणि न च्या मधी काय आहे ते बघा. मधी फक्त स्वर, क-वर्ग, प-वर्ग, ह, य, व यातलंच काही असेल तर न चा ण होतो: ध्वजारोहण, वृक्षारोपण, अनावरण, वितरण, अर्पण, निमंत्रण. शिक्षण, भाषण, पोषण मध्ये ष मुळं (क्ष मध्येही ष आहेच). पण मधी च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, ल, श, स यातलं काही आलं की वाट अडते आणि न तसाच राहतो: कीर्तन मध्ये त आडवा येतो, प्रवचन मध्ये च, दर्शन मध्ये श. गावातल्या सप्त्याच्या पत्रिकेत हे तिन्ही शब्द असतात, तेवढे तपासून बघा म्हणजे चाळणी हाताला बसंल.

सावध: दोन स्वतंत्र शब्दांचा समास असेल तर र ची ताकद सहसा पलीकडच्या शब्दात जात नाही. हरिनाम, रामनाम मध्ये न च.

मराठीच्या स्वतःच्या शब्दांना ही चाळणी लावू नका, त्यांचा हिशेब उलटा आहे. संस्कृतातला एकटा न मराठीत येता येता ण झाला, पानीय-पाणी, जन-जण, आणि र्ण चा मात्र न झाला, कर्ण-कान, पर्ण-पान. तिथं अर्थ बदलतो तेवढं सांभाळा, तन म्हणजे शरीर आणि तण म्हणजे सोयाबीनमध्ये माजतं ते.

पायरी 5: फारसी-अरबी शब्दाची भावंडं शोधा

हे शब्द फोडता येत नाहीत, पण अरबी शब्द कुटुंबानं राहतात, तीन व्यंजनं सगळ्या भावंडांत सारखी असतात. म्हणून ज्या शब्दाबद्दल खात्री आहे त्याच्या मदतीनं दुसरा तपासायचा.

तहसील का तहशील? अर्थ 'वसुली करणं'. त्याचं भावंड 'महसूल', तिथं ह-स-ल ऐकू येतं, आणि महसूलला कोणी 'महशूल' म्हणत नाही. म्हणून तहसील, तहसीलदार.

'मुख्यत्यारपत्र' हा तर अर्जांवर छापलेला बघितलाय मी. इथं 'मुख्य' नाहीच, शब्द आहे 'मुखत्यार', मूळ अरबी मुख्तार, म्हणजे ज्याला अधिकार दिलाय तो. भावंड 'अखत्यार', 'हे माझ्या अखत्यारीत नाही' म्हणतो ते. दोन्हीत ख-त-य-र एकामागं एक.

कारवाई आणि कार्यवाही हे दोन वेगळ्या घरचे शब्द आहेत. कारवाई फारसी, कुणावर तरी करायची. कार्यवाही संस्कृत, अर्जावर, ठरावावर करायची. 'कार्यवाई' असा शब्द नाही.

सावध: मराठीत रुळून गेलेल्या शब्दाला परत मूळ रूपात ओढू नका. दस्तऐवज मराठीत दस्तऐवजच, उर्दू-हिंदीत दस्तावेज. आपल्या परळीच्या 'वैजनाथ'ला दुरुस्त करून 'वैद्यनाथ'च म्हणा असंही कोणी सांगतं, पण द्य चा ज होणं ही जुनी रीत आहे, अद्य-आज, विद्युत-वीज, तसंच वैद्यनाथ-वैजनाथ. दोन्ही बरोबर.

पायरी 6: च आणि ज कुठला

लिपीत एकच अक्षर आहे पण उच्चार दोन, एक 'चित्र', 'जीव' मधला आणि एक 'चोर', 'जोर' मधला, जीभ दातामागं लावून. इथंही घर कामाला येतं. इ, ई, ए, य पुढं असेल तर नेहमी 'चित्र'वाला, म्हणून 'माझा' आणि 'माझी' मधला झ वेगळा. संस्कृत शब्दात 'चित्र'वाला: चंद्र, जन, जग. त्याच चंद्रावरून मराठीत झालेल्या चांदण्यात मात्र 'चोर'वाला. जग म्हणजे दुनिया आणि जग म्हणजे जगत राहा, हे दोन वेगळे ऐकू आले पाहिजेत. फारसी-अरबी शब्दात मूळ ज्या ठिकाणी ज़ होता तिथं 'जोर'वाला, बाजार, जमीन, हजार. मूळ ज असेल तर 'जीव'वाला, जवान, आणि जागा म्हणजे ठिकाण. झोपेतून जागा होणं हे आपलं मराठी, तिथं 'जोर'वाला.

हिंदी मीडियमात शिकलेल्या पोरांना इथं वेळ लागतो, त्यांना नियम सांगू नका, जोड्या ऐकवा: चार-चारा, माझी-माझा.

पायरी 7: इंग्रजी शब्द

इथं थोडक्यात. स्पेलिंग बघून वाचू नका. बँकेच्या कार्यक्रमात 'मॉर्टगेज' ऐकू येतं, तो 'मॉर्गेज', टी मुका आहे, जुन्या फ्रेंचमधला शब्द. गहाणखत म्हणलं तर आणखी बरं, सगळ्यांना कळतं. आणि पगार, चावी, बटाटा हे पोर्तुगीजमधून आलेत पण ते आता आपलेच, त्यांचं मूळ शोधून काही बदलायचं नाही.

पायरी 8: गावांची नावं

इंग्रजी पाटीवरून गावाचं नाव परत मराठीत वाचलं की ळ आणि ठ मरतात. परळी, तुळजापूर, वेरूळ, अजिंठा. 'परली', 'तुलजापूर', 'अजंता' हे आपल्याच माणसाच्या तोंडून माइकवर ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. धाराशिव मध्ये शि आहे, 'धारासिव' घरी ठीक, माइकवर शि.

पायरी 9: आता तोंड उघडा

इथपर्यंत आल्यावर प्रॅक्टिस. फोडलेला शब्द आधी तुकड्यानं म्हणा, ध्वज, आरोहण. मग जोडून, हळू. मग पूर्ण वाक्यात, कारण शब्द एकटा बरोबर येतो आणि वाक्यात घसरतो. वाक्य रेकॉर्ड करा, ऐका, पण लगेच नाही, अर्ध्या तासानं ऐका, तेव्हा स्वतःची चूक ऐकू येते. मग घरातल्या माणसाला ऐकवा आणि त्याला एवढंच विचारा की कुठला शब्द कळला नाही.

सावध: एका दिवशी पाच-सातपेक्षा जास्त नवीन शब्द घेऊ नका. आणि माइकवर एखादा शब्द चुकलाच तर एकदा नीट म्हणून पुढं जा, माफी मागत थांबू नका, माफीमुळं लोकांना चूक लक्षात राहते.

पायरी 10: माणसांची नावं, ही आदल्या दिवशी

वरची एकही चाळणी नावाला लावायची नाही. मुक्तिसंग्रामातले नेते गोविंदभाई श्रॉफ यांचं आडनाव श्रॉफच, तो आणि 'सराफ' हा मुळात एकच अरबी शब्द असला तरी. तुमच्या गावातल्या सत्कारमूर्ती 'अनुसयाबाई' असतील आणि त्या स्वतःला तसंच म्हणत असतील तर माइकवर 'अनुसयाबाई'च म्हणायचं, तिथं संस्कृत शिकवायचं नाही. पाहुण्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना आदल्या दिवशी फोन करा, "मावशी, तुमचं नाव मी कसं घेऊ?" असं सरळ विचारा, त्या जसं सांगतील तसं पत्रिकेवर त्यांच्या नावाखाली मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, आणि माइक हातात घ्यायच्या आधी तेवढी ओळ एकदा परत वाचा.